जागच्या जागी

कल्पना करा, तुम्ही शाळेतून घरी आलात. भूक लागलेली. ताट वाढून घेतलंत, पोटभर जेवलात. मग ताट घासलंत, पुसलंत आणि फळीवर जिथं होतं तिथंच नेऊन ठेवलंत. ओट्यावर शिताचा कण नाही, मोरीत एक वाटी नाही. संध्याकाळी आई कामावरून आली. तिनं ओटा पाहिला, फळी पाहिली आणि म्हणाली, "आजही कुणी जेवलेलं दिसत नाही. उद्यापासून स्वयंपाक कमीच करावा."

तुम्ही म्हणाल, असं कुठं होतं का? आई विचारील ना! बरोबर, आई विचारील. पण समजा, आईच्या जागी एक यंत्र आहे आणि त्याला फक्त खरकटी ताटं मोजता येतात. मग काय होईल? हे चित्र डोक्यात ठेवा. पुढे लागेल.

बडोद्यात वासणा भागात एका ट्रस्टचं वाचनालय आहे. खाली लग्नामुंजीचा हॉल, वर पुस्तकं. खाली कढीचा वास सुटला की वर वाचणाऱ्यांच्या नाकपुड्या हलतात. मृदुला तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी-घेणारी बाई, एवढंच पुष्कळांना वाटतं. खरं तर कोणतं पुस्तक कुणाच्या हातात पडायला हवं, आणि ते पुन्हा सापडायला कुठं ठेवायला हवं, याच विचारात तिचा सगळा दिवस जातो.

तिथल्या बालविभागात गुजराती आणि इंग्रजी पुस्तकांची मोठी कपाटं आहेत, आणि खिडकीखाली मराठीचं एक बुटकं कपाट. त्याच्यापुढे सतरंजी. मराठी वाचायला येणारी मुलं मोजकीच, पण रोजची. त्यातलीच उत्कर्षा आणि तिचा धाकटा भाऊ आशय. वडील रिफायनरीत पाळीवर, आई अलकापुरीत एका ऑफिसात. शाळा सुटली की आई घ्यायला येईपर्यंत ही दोघं वाचनालयात.

दोघंही इंग्रजी शाळेतली. मराठी घरी बोलायची, पण वाचताना अडखळायची. एका कार्डावर एकच पुस्तक घरी नेता येई आणि ते शाळेच्या अभ्यासाचं इंग्रजी पुस्तक असे. मराठी मात्र सतरंजीवर. उत्कर्षा शब्दाखाली बोट धरून वाचायची, आशय तिच्या दंडावर हनुवटी टेकून ऐकायचा आणि मधेमधे चुका काढायचा.

मृदुलानं या मुलांना एक गोष्ट शिकवली होती. प्रत्येकाला कपाटाची एक फळी वाटून दिली होती. त्या फळीचा तो राखणदार. पुस्तक जिथून काढलं तिथंच ठेवायचं, पाठ बाहेर, कडा एका रेषेत. मधली फळी उत्कर्षाची. ती इतकी नीट असे की मृदुला येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवी.

आता गोष्ट सुरू होते ती एका सोमवारी. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेलं होतं, पण रस्त्यावरच्या झाडांना अजून फाटके पतंग लटकत होते. वाचनालयाचं संगणकाचं काम पाहणारा मयंक टेबलाशी बसला होता. त्यानं पडदा मृदुलाकडे वळवला.

"मृदुलाबेन, आ जुओ."

पडद्यावर पुस्तकांची नावं होती. बारकोड चिकटवल्यापासून जी पुस्तकं कुणीतरी वापरली ती हिरवी, आणि ज्यांना कुणी हातही लावला नाही ती लाल. गुजराती हिरवी. इंग्रजी हिरवी, मधेच एखादं लाल. मयंकनं बोटानं पान खाली सरकवलं. मराठी बालविभाग नुसता लालेलाल.

"यंत्र बिघडलंय," मृदुला म्हणाली.

मयंकनं खिडकीखालचं एक पुस्तक आणलं, त्याच्या पाठीवरच्या बारकोडवर स्कॅनर धरला. पीप! लाल नाव हिरवं झालं.

"बिघडलं असतं तर वाजलं असतं का?" असं म्हणून त्यानं ती नोंद लगेच पुसून टाकली, कारण ते पुस्तक काही कुणी वाचलेलं नव्हतं. नाव पुन्हा लाल झालं.

तेवढ्यात ट्रस्टचे सचिव प्रतापराव आत आले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे की काय, ते जिना चढतानाही कवायतीत चालल्यासारखे चढत. त्यांनी वाकून पडदा पाहिला.

"मृदुलाबाई, हे कपाट रिकामं करायचं. शनिवारी करजणहून गाडी येतेय, जुन्या खुर्च्या आणि पस्ती न्यायला. त्यातच ही पुस्तकं देऊन टाकू."

पस्ती म्हणजे रद्दी.

"साहेब, मुलं वाचतात ही पुस्तकं. मी रोज बघते."

"आणि मी रोज काय बघतो माहितीये? भरतीच्या परीक्षेची पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात. येणारा-जाणारा त्यांच्या अंगावरून जातो. ते कपाट निघालं की तिथं त्यांच्यासाठी टेबलं बसतील." प्रतापरावांचा आवाज चढलेला नव्हता. ते वाईट माणूस नव्हते, आणि जिन्यातली मुलंही खोटी नव्हती. "तुम्ही बघता, पण यंत्राला दिसत नाही. का दिसत नाही, तेवढं सांगा. मी गाडी परत पाठवतो."



तो प्रश्न मग तिच्या मागेच लागला. रिक्षात बसली तरी तोच, भाजी निवडताना तोच. का दिसत नाही? मुलं वाचतात हे तर खरं. पुस्तकांचे कोपरे वापरून मऊ झालेले, हेही खरं. मग? संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचं कार्ड दिलं. ते म्हणाले, "बेन, आज मला नारायणभाई केलंत, उद्या काय करणार?" ती हसली आणि कार्ड बदलून दिलं.

मुलं यायची, वाचायची, उठायची. ती काचेआडून पाहत राहायची आणि काहीच सापडायचं नाही. शनिवार मात्र जवळ येत होता.

गुरुवारी संध्याकाळी वाचनालय बंद करताना ती रोजच्या फेरीला निघाली. ही फेरी काय असते ते सांगतो. दिवसभर वाचक वाचनालयात बसून जी पुस्तकं वाचतात ती टेबलावर तशीच राहतात. ती गोळा करायची, प्रत्येकावर स्कॅनर धरायचा आणि मग कपाटात लावायची. घरी न नेता इथंच वाचलेली पुस्तकं यंत्राला कळतात ती या फेरीतच.

इंग्रजीच्या टेबलावर पुस्तकांचा डोंगर. पीप, पीप. गुजरातीचं एक पुस्तक पालथं पडलेलं, एक खिडकीत, एक बाकाखाली शेंगांच्या टरफलांत. पीप. पसारा उचलून तिची कंबर भरून आली. ती वळली आणि खिडकीखाली पाहिलं. सतरंजीची घडी घातलेली. फळ्यांवर पुस्तकं एका रेषेत. उत्कर्षा मधल्या फळीवरचं शेवटचं पुस्तक तळहातानं आत ढकलून कडा जुळवत होती.

"शाबास गं," मृदुला सवयीनं म्हणाली, "तुमच्याकडे मला कधी काही उचलावंच..."

आणि तिथंच थांबली.

कधी काही उचलावंच लागत नाही. म्हणजे स्कॅनर कधी धरावाच लागत नाही.

आठवलं ते ताट? घासून पुसून फळीवर ठेवलेलं?

"ताई, काय झालं?" उत्कर्षानं विचारलं. "वाकडं राहिलं का?"

"नाही गं," मृदुला म्हणाली. "फार सरळ राहिलं."

तिनं मयंकला सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. ही पोरं स्वतःच आवरतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, मुलांनी वाचलीत हे तर खरंच ना? मग सगळी निवडायची आणि एक बटण दाबायचं. लाल सगळं हिरवं. कुणाला कळणार आहे?"

चाचणीची एक नोंदही पुसून टाकणारा हा मुलगा. तिच्यासाठी तो हे बोलत होता, हे तिला कळत होतं. तिचा हात माउसवर गेला. एक बटण. शनिवारची भीती तिथल्या तिथं संपणार होती.

तिनं हात काढून घेतला.

"सगळी कुठं वाचलीत? कुठली वाचली आणि कुठली नाही, तेच तर मला माहीत नाही. उद्या हेच बघून मी नवी पुस्तकं मागवणार. आपणच खोटं भरलं तर आपल्यालाच काही दिसायचं नाही, मयंक."

"मग शनिवारचं काय?"

"तेच कळत नाहीये."

तिनं प्रतापरावांना फोन केला, कारण सांगितलं.

"कारण पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "परत पाठवतो म्हणालो खरा, पण खुर्च्यांसाठी गाडी येणारच आहे, आणि ट्रस्टला नुसतं कारण पुरायचं नाही. मी शनिवारी येतो. मुलं खरोखर वाचतात हे माझ्या डोळ्यांना दिसलं तर ठीक. नाहीतर कपाट जाईल."

शुक्रवारी मृदुलानं मुलांना सतरंजीवर बसवलं.

"आजपासून वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवायचं नाही. टेबलावर ठेवायचं."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. उत्कर्षाच्या कपाळावर आठी पडली.

"पसारा करायचा?"

"पसारा नाही. वाचलेलं तेवढंच टेबलावर. न वाचलेलं एकही नाही."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं, जिथून काढलं तिथंच."

"हो. ते मीच सांगितलं होतं." मृदुलाला मुलांना घाबरवायचं नव्हतं. पण मुलांपासून काही लपतं का?

"पस्तीची गाडी येणार म्हणून ना?" आशय म्हणाला. "जिन्यातले दादा सांगत होते. आमची टेबलं येणार, तुमचं कपाट जाणार."

"माझी फळी पण?" उत्कर्षानं विचारलं.

मृदुलानं नुसती मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

त्या दिवशी मुलांनी वाचलं, पण सवय कुठली जायला! पुस्तक मिटलं की पाय कपाटाकडे वळायचे. कुणी ओरडायचं, "ए, टेबल! टेबल!" तोवर पुस्तक आत गेलेलं असायचं, आणि मग एका रेषेतल्या पुस्तकांतून नेमकं वाचलेलं कुठलं, यावरून भांडण. संध्याकाळच्या फेरीत मराठीच्या टेबलावर अगदी मोजकी पुस्तकं मिळाली. पीप, पीप, आणि संपलं. मृदुला स्कॅनर हातात धरून तशीच उभी राहिली.

शनिवारी अर्धी शाळा. मुलं दुपारीच आली. थोड्या वेळानं खाली टेम्पोचा आवाज आला. मृदुला खिडकीशी गेली. जुन्या खुर्च्या हॉलमधून बाहेर निघत होत्या. तिला खाली बोलावलं, कुठल्या खुर्च्या द्यायच्या ते दाखवायला. ती खाली गेली, पण लक्ष सगळं वर. मोडकी सोडून चांगलीच खुर्ची तिनं गाडीत ठेवायला सांगितली. ड्रायव्हरच म्हणाला, "बेन, आ तो नवी छे!" खुर्ची परत आत गेली. तेवढ्यात प्रतापराव आले आणि दोघं मिळून जिना चढले.

वर येऊन पाहतात तो मराठीचं टेबल पुस्तकांखाली दिसत नव्हतं. फळ्या अर्ध्याअधिक रिकाम्या. आशयच्या छातीशी अजून एक चळत होती आणि तो धापा टाकत होता. उत्कर्षा टेबलाशी उभी होती, चेहरा लाल.

एका नजरेत मृदुलाला सगळं समजलं.

प्रतापरावांनी ढिगातलं वरचं पुस्तक उचललं. दीपस्तंभावर राहणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती. पातळसंच पुस्तक, पण कोपरे कोरे करकरीत.

"हे वाचलं?" त्यांनी विचारलं.

"हो! सगळी वाचली!" आशय म्हणाला.

"तुला नाही. तुझ्या ताईला विचारतोय."

उत्कर्षानं मृदुलाकडे पाहिलं. एक होकार पुरला असता. मृदुलाला वाटलं, आपली मान हललीच. पण ती हलली नव्हती. ती मुलीकडे पाहत राहिली.

"नाही," उत्कर्षा म्हणाली.

"मग हे टेबलावर कसं?"

"आशयनं काढलं." ती थांबली. "मी पण काढली. गाडीचा आवाज आला म्हणून."

"गद्दार!" आशय पुटपुटला.

प्रतापरावांनी मृदुलाकडे वळून विचारलं, "ऐकलंत, मृदुलाबाई?"

"ऐकलं, साहेब."

"म्हणजे हा ढीग खोटा."

"सगळा नाही," उत्कर्षा म्हणाली.

तिचे हात कामाला लागले होते. तिनं ढिगातून एक पुस्तक घेतलं आणि कपाटात ठेवलं. दुसरं घेतलं, ठेवलं. जागा शोधावी लागत नव्हती. प्रत्येक पुस्तक कुठं बसतं ते राखणदाराच्या हाताला ठाऊक होतं. मधेच एक मगरीचं पुस्तक आलं. ते तिनं टेबलावरच बाजूला ठेवलं.

"हे वाचलंय. विश्वामित्री नदीत असतात तसल्या मगरी. मगर पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते, चावत नाही. आशयला वाटलं, तिनं खाल्लीच. तो रडला."

"मी नव्हतो रडलो!"

"रडला होतास. पानावर डाग आहे अजून."

प्रतापरावांनी पुस्तक उघडलं. त्या पानावर खरोखरच एक सुरकुतलेला डाग होता. पुस्तक त्यांनी होतं तिथं टेबलावर ठेवलं.

ढीग कमी होत गेला. फळ्या भरत गेल्या. मृदुलाला वाटत होतं, थांब गं, अजून एखादं तरी राहू दे. शेवटी टेबलावर एक छोटी चळत उरली, आणि दीपस्तंभाचं पुस्तक प्रतापरावांच्या हातात.

खालून हॉर्न वाजला. "काका, हवे केटली वार?" अजून किती वेळ, म्हणून ड्रायव्हर ओरडत होता.

"आणि ह्याचं काय?" प्रतापरावांनी हातातलं पुस्तक वर केलं.

"त्यातली अक्षरं बारीक आहेत," उत्कर्षा म्हणाली. "मला जमणार नाही म्हणून मी ते कधी घेतच नव्हते." तिनं हात पुढे केला. "आजोबा, द्या."

त्यांनी दिलं. सगळ्यांना वाटलं, आता हेही फळीवर जाणार. मधल्या फळीत त्याची फट तशी दिसतच होती. पण उत्कर्षा सतरंजीवर बसली. पहिलं पान उघडलं आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

आशय क्षणभर फुगून उभा राहिला. मग येऊन तिच्या दंडावर हनुवटी टेकून बसला.

पुन्हा हॉर्न वाजला. प्रतापराव खिडकीशी गेले आणि खाली ओरडले, "ऊभो रहे!" मग त्यांनी मुलांची एक छोटी खुर्ची ओढून घेतली. तिच्यात ते जेमतेम मावले, गुडघे छातीशी आले.

उत्कर्षा वाचत होती. हळू, अडखळत. एका शब्दाला बोट थांबलं, पुढे सरकेना. मृदुलाचे ओठ हलले. पण तिच्याआधी प्रतापरावांनीच तो शब्द हळूच सांगितला. उत्कर्षानं मान डोलावली आणि पुढे निघाली. जिन्यातली दोन-तीन मुलं दाराशी येऊन उभी राहिली. वादळ आलं, दिवा विझला, त्या माणसानं तो पुन्हा लावला. खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवणं सोडून दिलं होतं.

शेवटचं पान संपलं. उत्कर्षानं पुस्तक मिटलं, कडा तळहातानं सारख्या केल्या आणि उठली. पाय सवयीनं कपाटाकडे वळले. ती मधल्या फळीपाशी पोचली, फट समोरच होती, पुस्तक धरलेला हात वर गेला.

मग तो खाली आला. ती मागे वळली, आणि दीपस्तंभाचं पुस्तक तिनं टेबलावर त्या छोट्या चळतीवर ठेवून दिलं.